पिशवीबरोबर हाडंही गेली

“चाळिशी उलटली की बाईची हाडं ठिसूळ व्हायचीच,” हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यात पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक ऊसतोड बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येकींची चाळिशीच्या आत. पिशवीबरोबर बीजकोशही काढले की इस्ट्रोजेन एकाएकी आटतं, हाडं झपाट्याने विरळ होतात. त्याच हाडांनिशी ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते. आणि उपाय काय, तर कॅल्शियमची गोळी! हाडं भरतात तिशीपर्यंत. त्या वयात मुलीच्या वाट्याला दूध येतं ते भाऊ पिऊन उरलं तर. मैत्रिणींनो, नाचणी-तीळ सांगूच. पण बीजकोश का काढता, हे आधी लेखी मागू या. काढलेच, तर हाडांची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट झाली पाहिजे.