सर्व्हरला शिव्या घालून काय होणार? तो कागद मागा

लाडकी बहीणच्या ई-केवायसीवर बोलून झालं असं म्हणाल. माझं नाही झालं.

सप्टेंबर 2025 मध्ये ती सुरू झाली. आधी बाईचा आधार आणि ओटीपी, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि परत ओटीपी. आता जिचा नवराही गेला आणि बापही गेला, तिने ओटीपी कुणाच्या फोनवर मागायचा? लोक म्हणाले, सर्व्हर डाऊन असेल. अहो, सर्व्हरचा काय संबंध! 28 जून 2024 चा जीआर काढून बघा. पात्र कोण? विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार. विधवा हा शब्द सरकारनेच लिहिलाय, आणि पोर्टलवर तिलाच जागा नव्हती.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात कोड लिहायच्या आधी एक कागद लिहितात. एसआरएस म्हणतात त्याला. हे कुणासाठी आहे, याने काय केलंच पाहिजे आणि नेहमीची वाट बंद असेल तर काय करायचं, सगळं नंबर टाकून. जीआरमधली प्रत्येक अट कुठल्या स्क्रीनवर आली, तपासली कुणी, हे समोरासमोर मांडायचं. मधेच बदल केला तर तारीख, कारण, सही. गवंड्याला नकाशा देतो तसंच. असा तक्ता नीट केला असता तर 'विधवा'समोरचा रकाना रिकामा दिसला असता. एखाद्या अंगणवाडी सेविकेला वाचायला दिला असता, तर चहा संपायच्या आत तिने चूक दाखवली असती. पण तिला विचारतो कोण?

नोव्हेंबरात मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. मृत्यूचा किंवा घटस्फोटाचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्या म्हणाले. ठीक, केलं ते बरंच केलं. पण परित्यक्तेचं काय? नवऱ्याने टाकलेल्या बाईकडे कसला दाखला असतो? नवरा जिवंत आहे, फोनही त्याच्याच खिशात आहे. तो देणार ओटीपी? महिना 1500 रुपयांसाठी तिने त्याच्याच दारात उभं राहायचं?

काही जण म्हणतील, पत्रकाराला यातलं तांत्रिक काय कळतं. नसेल कळत. पण लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना त्यामागची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करा, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं. रस्त्याचं अंदाजपत्रक मागता येतं, मग पोर्टलचं का नाही?

दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज तयार आहे. मागितलंय एवढंच: एसआरएसची प्रत, त्यावर सही कुणाची, नंतर झालेल्या बदलांची नोंद. 'सदर नस्ती आढळून येत नाही' असं उत्तर आलं, तर तेही इथेच टाकतो.