कुलूप फाईलीला, गप्प का आपण?

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. भावाने ठरवलेले लग्न तिने निरोप धाडून नाकारले, ही कथा आपण सगळ्याच ऐकत आलो. आज त्याच गावातली एखादी बाई दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने तालुक्याला येऊन नवऱ्याच्या मारहाणीविषयी आपले म्हणणे लिहून देते. तो अर्ज, जखमांचे फोटो, पोटगीच्या पावत्या हल्ली संस्थेच्या संगणकात असतात. म्हणून त्या संगणकाला लागणाऱ्या कुलपाचा विचार आपण कार्यकर्त्यांनीच करायला हवा.

या कुलपाचे नाव रॅन्समवेअर. ईमेलसोबत आलेली खोटी पावती उघडली, किंवा जुनी, न सुधारलेली विंडोज वापरात असली, की हा खंडणीखोर प्रोग्राम आत शिरतो. फाईली जागच्या जागी राहतात, पण त्यांतला मजकूर तो सांकेतिक करून टाकतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. जोडून ठेवलेला पेनड्राइव्हही सुटत नाही. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीचे मुंबईचे मुख्यालय आणि १६ प्रादेशिक कार्यालयांची यंत्रणा अशीच अडकली. महामंडळाची ही गत, तर आपल्या दोन खोल्यांच्या केंद्राचे काय?

पैसे द्यावेत का? माझ्या मते, मुळीच नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्याने मर्स्क कंपनीचे जगभरातले काम थांबवले. आपल्या न्हावाशेवा बंदरातले तिचे टर्मिनलही ठप्प झाले. त्या प्रोग्राममध्ये पैसे भरूनही फाईली उघडण्याची सोय नव्हती. मर्स्कच्या कामी आला घानातला एक सर्व्हर. वीज गेल्यामुळे तो नेमका त्या वेळी बंद होता! लोडशेडिंगला शिव्या घालणाऱ्या आपण वऱ्हाडातल्या बायकांनी एवढे ध्यानात ठेवावे: एक प्रत कायम संगणकापासून तोडून, वेगळ्या जागी ठेवायची.

तरी कुलूप लागलेच, तर आधी इंटरनेट तोडा. पडद्यावरच्या धमकीचा फोटो काढा. पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार द्या. अडकलेल्या फाईली पुसू नका. काहींच्या किल्ल्या पुढे सापडतात. २०१६ साली डच पोलीस, युरोपोल आणि इतरांनी सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात अशा किल्ल्या फुकट मिळतात. संगणक पूर्ण साफ केल्यावरच जपलेली प्रत परत चढवा.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. पुष्कळदा हे चोर कुलूप लावण्याआधी फाईलींची नक्कल पळवतात आणि ती उघड करण्याची धमकी देतात. अशा वेळी संस्थेत पहिला विचार येतो तो नावाचा. बोभाटा झाला तर लोक काय म्हणतील? ‘घरातली गोष्ट बाहेर नको’ हेच ऐकत ती बाई वर्षानुवर्षे गप्प बसली होती. आता आपणही तिला तेच ऐकवायचे? नवऱ्यापासून लपवलेला तिचा पत्ता त्या फाईलीत असेल, तर तिच्या जिवापुढे संस्थेची अब्रू ती काय! तिला सर्वांत आधी कळले पाहिजे, आणि तेही तिचा फोन दुसऱ्याच्या हातात नाही याची खात्री करून.

म्हणून मैत्रिणींनो, फाईलीवर नावाऐवजी क्रमांक घाला. नावांची वही कपाटात कुलपाआड ठेवा. प्रत काढण्याचे काम ‘संगणकवाल्या भाऊं’वर सोपवू नका, आपल्यातल्या दोघीजणी ते शिका. आणि पुढच्या बैठकीत ठराव करा: फाईलींना कुलूप लागले, तर ज्यांच्या त्या फाईली आहेत त्यांना आपण त्याच दिवशी सांगू.