गावातल्या गावात वस्तीला

आपल्याच शहरातील एखाद्या बऱ्यापैकी हॉटेलात मैत्रिणींसमवेत एक रात्र राहायचे, दुपारी तेलाची मालीश करून घ्यायची, संध्याकाळी पोहण्याच्या तलावाकाठी बसायचे आणि दुसऱ्या दिवशी घरी परतायचे, या प्रकाराला 'स्टेकेशन' असे नाव आहे. मुळात या शब्दाचा अर्थ घरीच राहून सुटी घालवणे असा होता. २००८ च्या आर्थिक मंदीत इंग्रजी वृत्तपत्रांनी तो रूढ केला आणि २००९ मध्ये मेरियम-वेबस्टर कोशाने त्याची नोंद घेतली. आपल्याकडे तो खऱ्या अर्थाने पसरला तो २०२० च्या टाळेबंदीनंतर. बाहेरगावचे प्रवासी येईनासे झाले, तेव्हा हॉटेलांनी गावातल्याच लोकांना पाहुणे म्हणून बोलवायला सुरुवात केली.

आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे संपत आले की महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्येही असे बेत शिजताना दिसतात आणि त्याच खोलीत नाकेही मुरडली जातात. "घर पाच किलोमीटरवर असताना झोपायला पैसे मोजायचे?" हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. वरवर पाहता तो काटकसरीचा आक्षेप आहे. पण महाबळेश्वरला जाऊन याच्या दुप्पट खर्च करणाऱ्यांना तो कुणी विचारत नाही. म्हणजे खुपते ते पैशांपेक्षा वेगळे काहीतरी आहे. ते काय, हे साहित्याच्या अभ्यासकांनी तरी तपासून पाहावे, असे मला वाटते.

आपल्या भाषेत विश्रांतीचे शब्द अंतराशी बांधलेले आहेत. हवापालट, देशाटन, यात्रा, थंड हवेचे ठिकाण: प्रत्येकात गाव सोडणे गृहीत आहे. आपले प्रवासवर्णनही अंतरावरच उभे राहिले. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' (प्रकाशन १९०७) असो, पंडिता रमाबाईंचा 'इंग्लंडचा प्रवास' (१८८३) असो की पुलंची 'अपूर्वाई' (१९६०), लिहिणारा दूर गेला म्हणून त्याला सांगण्याचा अधिकार मिळाला. पाच किलोमीटरच्या प्रवासाला आपल्याकडे वाङ्मयप्रकार नाही. मात्र एक जुना शब्दप्रयोग आहे, तो म्हणजे 'वस्तीला जाणे'. एखाद्या नातलगाकडे रात्रीपुरते राहायला जाणे म्हणजे वस्तीला जाणे. गावात रात्री थांबून पहाटे निघणाऱ्या एस.टी.लाही आपण वस्तीची गाडी म्हणतो. 'स्टेकेशन'ला मराठी पर्याय शोधणाऱ्यांनी हा शब्द विचारात घ्यायला हरकत नाही. त्यात अंतराची अट नाही. फक्त रात्र आपल्या घराबाहेर काढण्याची आहे.

'स्पा' या शब्दाबद्दलही असेच म्हणता येईल. हे बेल्जियममधल्या एका गावाचे नाव. तिथल्या खनिज पाण्याच्या झऱ्यांमुळे ते सामान्यनाम झाले. आपल्याकडे वज्रेश्वरी-अकलोलीची कुंडे आहेत, रायगडमधले उन्हेरे, दापोली तालुक्यातले उन्हवरे, जळगाव जिल्ह्यातले उनपदेव आहे. या गावांच्या नावांतच ऊन पाणी आहे. पण तिथे जायचे ते देवदर्शनासाठी किंवा सांधेदुखी आणि त्वचाविकारांवर उपाय म्हणून. नुसते बरे वाटावे म्हणून त्या पाण्यात उतरायचे, असे सहसा कुणी म्हणत नाही. दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान हा खरे तर घरोघरचा स्पाच. परंतु त्या पहाटे सर्वांत आधी कोण उठते, पाणी कोण तापवते, उटणे कोण कालवते आणि कुणाच्या अंगाला कोण तेल लावते, हे आठवून पाहावे. तिच्या पाठीला तेल लावायला बहुतेक घरांत कुणी उरत नाही.

मराठी बाईच्या अंगाला दुसऱ्या बाईने रोज, नेमाने, तास-तासभर तेल चोळावे असा काळ आपल्या परंपरेत आहे, पण तो बाळंतपणाचा. मालीश, शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, खाटेवरून उठू न देणे: सव्वा महिन्याची ही व्यवस्था पाहिली तर आजच्या कोणत्याही स्पाची यादी तोकडी वाटेल. मात्र त्यासाठी आधी मूल जन्माला घालावे लागते. माहेरपणाला सणाचे कारण लागते, रात्रभर जागून खेळायचे तर मंगळागौर लागते आणि पंधरा-वीस दिवस घर सोडून बायकांच्या सोबतीने चालायचे, गायचे, उघड्यावर झोपायचे तर पंढरीची वारी लागते. आपल्या परंपरेने स्त्रीला विश्रांती नाकारली, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. विश्रांती दिली, पण नेहमी कशाच्या तरी निमित्ताने दिली. देव, मूल, सण, आजार यांपैकी एकाच्या सहीशिवाय ती रजा मंजूर होत नव्हती.

गावातल्या हॉटेलातील वस्तीला हे निमित्त नाही. आक्षेपाचे मूळ तिथे आहे. महाबळेश्वरला निदान थंड हवा आहे, कोल्हापूरला अंबाबाई आहे, कोकणात समुद्र आहे. इथे काही पाहायचे नाही, कुणाला भेटायचे नाही, नवस फेडायचा नाही. चार बायका केवळ थकल्या आहेत म्हणून एका इमारतीत जाऊन पडून राहणार आहेत, एवढेच कारण. आणि तेवढे कारण आपल्याला अजून पुरेसे वाटत नाही.

या ठिकाणी डोरिस लेसिंग यांच्या 'टु रूम नाइन्टीन' (१९६३) या कथेची आठवण होणे अपरिहार्य आहे. कथेतील सुझन ही सुशिक्षित, सुखवस्तू, चार मुलांची आई. तिला काही तास कुणाचीही कुणी न होता बसायचे असते. घरात तिच्यासाठी वेगळी खोली काढली जाते, पण लवकरच ती खोलीही घराचीच होऊन जाते. शेवटी ती लंडनमधल्या एका सामान्य हॉटेलातली खोली दिवसापुरती भाड्याने घेऊ लागते. तिथे ती काही करत नाही, नुसती बसते. नवऱ्याला याचा पत्ता लागतो तेव्हा तो गृहीत धरतो की तिचे कुणाशी तरी संबंध असणार. आणि सुझनही ते नाकारत नाही. ती एक काल्पनिक प्रियकर सांगते. प्रियकर समजू शकतो, काही न करता बसणे समजू शकत नाही. कथेचा अंत आत्महत्येत होतो. एम.ए.च्या वर्गात ही कथा बहुधा मानसिक विघटनाची कथा म्हणून वाचली जाते. मला ती निमित्ताच्या अभावाची कथाही वाटते. सुझनजवळ सांगण्यासारखे कारण नव्हते आणि सोबत कुणी नव्हते. तिच्यासारख्या चौघी एकत्र त्या खोलीत गेल्या असत्या, तर कथा झालीच नसती. कथेचे नुकसान झाले असते. बायकांचे झाले नसते.

थकव्याला पुरावा हवा असेल तर तो सरकारी कागदावर आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या विनावेतन कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटे, असे आढळले होते. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, पुरुषाची नऊ. दरी जवळजवळ तेवढीच राहिली. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ मध्ये लिहिणाऱ्या स्त्रीसाठी स्वतःची खोली मागितली. आपल्यापैकी अनेकींना आज ती मिळालेली आहे. पण त्या खोलीचा केर काढायचा असतो, पडदे धुवायचे असतात आणि तिच्या दारावर 'आई, माझा चार्जर कुठंय?' अशी थाप पडायची असते. हॉटेलची खोली स्वतःची नसते, हाच तिचा गुण. तिथली चादर विस्कटली तर ती आपल्या नजरेत खुपत नाही.

अर्थात या बाजूने एवढे बोलल्यावर दुसरी बाजू टाळून चालणार नाही. आपली पाठ चोळणारी बाईही बाईच असते. बरेचदा ती ईशान्येकडून किंवा केरळातून इथे आलेली असते आणि तिची पाठ दिवसअखेर दुखत असणार. एका स्त्रीची विश्रांती दुसरीच्या श्रमांवर उभी आहे, हा आक्षेप खरा आहे आणि कोणत्याही युक्तिवादाने तो पुसला जात नाही. इतकेच म्हणता येईल की बाळंतिणीच्या मालिशीला येणाऱ्या बाईचे श्रमही असेच होते. आपण ते साडीचोळीत आणि पसाभर धान्यात मिटवून त्याला आपुलकी म्हणत होतो. इथे निदान कामाला दर आहे, वेळ ठरलेली आहे. उरते ते आपल्या हातात: मालिशीच्या दरावर घासाघीस न करणे, ठरलेला तास ओलांडून थांबवून न ठेवणे, बक्षिसी थेट तिच्या हातात देणे, तिचे नाव विचारणे आणि तिला बोलायचे नसेल तर आपणही गप्प राहणे. याने अन्याय संपत नाही. पण तो नाही असे समजून डोळे मिटून पडण्यापेक्षा हे बरे.

दुसरी अडचण अधिक जवळची आहे. प्राध्यापक मैत्रिणींचा गट म्हटला की त्यात एक सातव्या वेतन आयोगाची असते, एक विनाअनुदानित तुकडीवरची आणि एक तासिका तत्त्वावर काम करणारी, जिला उन्हाळ्याच्या सुटीत तासच नसल्याने मानधनही नसते. तिघी एकाच स्टाफरूममध्ये एकाच किटलीतला चहा पितात. हॉटेलचा बेत निघतो तेव्हा मात्र हे अंतर एकदम उघडे पडते. तिसरी "मुलीची परीक्षा आहे" असे सांगते आणि सगळ्या ते खरे मानतात. माझे मत असे की बेत सर्वांत हलक्या पर्सपासून सुरू व्हावा. तिला परवडेल ते हॉटेल, तिला परवडेल तो वार. शनिवार-रविवारपेक्षा आडवारी आणि ऐन पावसाळ्यात दर सहसा उतरलेले असतात. एका खोलीत तिघींना जादा गादी टाकून चालते का, न्याहारी भाड्यात धरलेली आहे का, करासह एकूण आकडा किती, हे आधी विचारून घ्यावे आणि तोच आकडा सर्वांना सांगावा. मालिशीचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत आणि ती न घेणारीला कुणी कारण विचारू नये. जिला तलावाकाठी नुसते पुस्तक वाचायचे आहे, तिचीही ती वस्तीच.

बेताच्या बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण त्यांवरच विश्रांती टिकते. हॉटेलचा दिवस दुपारी दोन-तीनला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला संपतो. हाती वीस-एकवीस तास येतात. त्यात चार कार्यक्रम कोंबले तर तो चर्चासत्राचा आराखडा होतो. मालिशीच्या खोल्या थोड्या असतात, म्हणून वेळा आधी ठरवाव्यात आणि एक गेली असताना बाकीच्यांनी तिची वाट पाहत बसू नये. जेवून लगेच मालिशीला जाऊ नये. रक्तदाब, गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारावे आणि मालीश करणारीला आधीच सांगावे.

सर्वांत कठीण तयारी हॉटेलात नसून स्वयंपाकघरात आहे. जाण्याच्या आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत जागून दोन वेळच्या भाज्या, कणकेचा गोळा, दह्याचे विरजण आणि फ्रीजवर चिकटवलेली सूचनांची यादी, हे सारे करून जी बाई निघते, ती वस्तीला जात नाही. ती आगाऊ काम करून एका दिवसाची उसनवारी फेडते. पूर्वी अंतर बाईचे रक्षण करत होते. माहेर तीन तालुके पलीकडे असले, की सिलिंडर संपल्याचा निरोप पोचेपर्यंत दुसरा सिलिंडर आलेला असे. गावातल्या गावात राहण्याची खरी कसोटी ही, की घर पाच किलोमीटरवर आहे आणि फोन उशाशी आहे. 'तू इथेच तर आहेस, तासभर येऊन जा' हे वाक्य महाबळेश्वरला असलेल्या बाईला ऐकावे लागत नाही. म्हणून अंतराचे काम इथे कराराने करावे लागते. घरी स्पष्ट सांगायचे, की दवाखान्याइतके काही घडले तरच फोन करा, आणि भाजी करून ठेवायची नाही. घरातली माणसे वरणभात लावतील, बाहेरून मागवतील किंवा शेजारी जेवतील. त्या वीस तासांत घरात काय घडते, हा घराच्या शिक्षणाचा भाग आहे.

निमित्त विचारले जाईलच. तेव्हा वाढदिवस, गेट-टुगेदर, कुणाची तरी पीएच.डी. अशी कारणे पुढे करण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे मला वाटते. आपण वर्गात पंचवीस वर्षे स्त्रीवादी समीक्षा शिकवतो, विद्यार्थिनींकडून तिच्यावर टिपा लिहून घेतो. त्यांच्यापैकी एखादीने विचारले, "मॅडम, कशासाठी गेला होता?" तर "दमले होते म्हणून" एवढे उत्तर सरळ देता आले पाहिजे. त्या मुलीला पुढे कधीतरी त्याचा उपयोग होईल.