भरवशाची गाडी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त आहे नानांची मारुती. डिसेंबर 1996 ची, कार्ब्युरेटरवाली. पासिंगची मुदत डिसेंबर 2026 मध्ये संपते, आणि त्यावरून घरात सरळ दोन पक्ष पडलेत. दादा-वहिनी (पुण्याहून हे वाचत असणारच) म्हणतात, भंगारात द्या. नाना काहीच म्हणत नाहीत, फक्त जेवताना भात कमी घेतात.

गेल्या खेपेला, 2021 मध्ये, नूतनीकरणाची फी 600 रुपये होती. एप्रिल 2022 पासून ती 5,000 झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी 10,000. वर ग्रीन टॅक्स वेगळा. दादाचं गणित सोपं आहे: एवढ्या पैशात गाडी तरी येईल का तेवढ्याला!

तेवढ्यात इंग्लंडहून मावसभाऊ आला. त्याच्याकडे 1989 ची होंडा प्रेल्यूड आहे, चारही चाकं वळणारी. 1987 साली हे आलं तेव्हा मोठं नवल होतं. स्टिअरिंग थोडंसं फिरवलं की मागची चाकं पुढच्यांच्याच दिशेला किंचित वळतात, म्हणजे वेगात गाडी स्थिर राहते. आणि खूप फिरवलं की उलट दिशेला, म्हणजे गाडी कमी जागेत वळते. आमच्या आंबेनळी घाटासाठीच केलीय जणू! मी म्हटलं, एवढी भानगड म्हणजे रोज गॅरेज असणार. तर तो हसला. म्हणाला, त्यात इलेक्ट्रॉनिक काही नाहीच. पुढून मागे एक लोखंडी दांडा जातो, मागे दातऱ्यांची पेटी, बस्स. सांधे ढिले झाले की बदलायचे आणि अलाइनमेंट चारही चाकांची करून घ्यायची. ती करणारा जाणता माणूस मात्र पाहिजे, नाहीतर टायर एका बाजूने खाऊन टाकते. पुढच्या मॉडेलमध्ये तेच काम मोटर आणि सेन्सरकडे दिलं. तो म्हणतो, त्या गाडीचा दिवा लागला की पोटात गोळा येतो. त्याच्या गाडीला खरी भीती आहे ती गंजाची. तिकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, इकडे आपला पाऊस आहेच.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच घोळतंय. गाडी भरवशाची आहे की नाही, हे आपण ती किती वेळा बिघडते यावर ठरवतो. मला वाटतं, बिघडल्यावर ती कोण उघडू शकतो, हे आधी विचारावं.

22 जुलै 2021 चा पूर महाडकरांना सांगायला नको. आमच्या अंगणात मारुती स्टिअरिंगपर्यंत बुडाली होती. शेजारच्यांची नवीकोरी गाडीही तेवढीच बुडाली. पाणी ओसरल्यावर नाना चावी घेऊन निघाले तर मिस्त्री ओरडला, "काका, चावीला हात लावू नका!" सिलिंडरात पाणी असताना स्टार्टर मारला तर पिस्टनला पाणी दाबता येत नाही, दांडा वाकतो. त्याने तिन्ही प्लग काढले, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढलं. ऑइल काढलं तर दुधाळ चहा! डिझेलने धुतलं, पुन्हा ऑइल, पुन्हा काढलं. डिस्ट्रिब्युटर उन्हात, कार्ब्युरेटर पत्र्यावर सुटा, मागचे ड्रम उघडून चिखल खरवडला. सीटा आईने पापडासारख्या वाळत घातल्या. नवव्या दिवशी गाडी सुरू झाली. शेजारच्या गाडीचा कॉम्प्युटर आणि वायरिंग गेलं होतं. विमावाल्यांनी ती टोटल लॉस ठरवून उचलून नेली. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा.

पण खोटं कशाला बोलू? पोलादपूर सोडून आंबेनळी चढायला लागलं की काटा लालकडे सरकतो. नाना डिकीत पाण्याचे दोन कॅन आणि जास्तीचा होज पाइप ठेवतात आणि वाटेत थांबून बॉनेट उघडतात, जणू बैलाला दम देतायत. एअरबॅग नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेल्या पावसाळ्यात इतका गंजला की मॅट उचललं तर रस्ता दिसला. तो वेल्डिंग करून घेतला, पण त्यानंतर वहिनी म्हणाल्या की मुलांना या गाडीत घाटात न्यायचं नाही. ते मला पटलं. इंजिन उघडून दुरुस्त होतं, टक्कर झाल्यावर असं काही करता येत नाही.

म्हणून माझं मत असं (नाना, रागावू नका). दहा हजार भरावेत, पासिंग करावं. मिस्त्रीकडून खालचा सगळा पत्रा तपासून गंजरोधक लावून घ्यावा. गाडी महाड-पोलादपूर हमरस्त्याने चालवावी, बाजारात न्यावी, डॉक्टरकडे न्यावी. घाट मात्र बंद. महाबळेश्वरला जायचं तर दादाच्या गाडीने किंवा एसटीने.

काल हे नानांना वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "घाट बंद म्हणजे उतरायचापण बंद का?"