गाभ्यातली फट आणि दुरुस्तीचे बिल

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीची ग्रामपंचायत असो की राज्याच्या दुसऱ्या टोकाची, जन्माचा दाखला काय किंवा नमुना आठचा उतारा काय, तो आता वहीतून निघत नाही; संगणकातून निघतो. २०११ साली ‘संग्राम’ प्रकल्पाने हे यंत्र ग्रामपंचायतीच्या दारात आणले आणि २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी ते तेथे स्थिर केले. त्यापुढे बसणारा कर्मचारी एका गोष्टीवर निःशंक विसंबलेला असतो : एका कामाची माहिती दुसऱ्या कामाला दिसू नये, याची काळजी यंत्र स्वतःच घेते. हा विश्वास निराधार होता, हे जगाला ३ जानेवारी २०१८ रोजी कळले. कोणा आज्ञावलीकाराची चूक असती तर ती आज्ञावली पुन्हा लिहून निस्तरली असती. येथे दोष प्रोसेसरच्या रचनेतच होता आणि तो वीस वर्षांहून अधिक काळ तेथे सुखाने नांदत होता.

प्रत्येक संगणकावर एक अधिकारी आज्ञावली असते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात आणि तिच्या अंतर्भागाला कर्नेल, म्हणजेच गाभा. परवलीचे शब्द, साठवलेल्या माहितीच्या किल्ल्या, कोणत्या कामाला किती जागा द्यायची याचे हिशेब, हे सारे या गाभ्याच्या ताब्यात असते. सामान्य आज्ञावलीला तेथे मज्जाव असतो आणि त्या मज्जावाचा पहारेकरी खुद्द प्रोसेसर असतो. गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ गटातील यान हॉर्न, ऑस्ट्रियातील ग्राझच्या तंत्र विद्यापीठातील संशोधक, पॉल कोचर आणि आणखी काही जणांनी बहुतांशी परस्परांपासून स्वतंत्रपणे एकच गोष्ट दाखवून दिली : हा पहारेकरी घाईत असला म्हणजे आधी दार उघडतो आणि मागाहून ओळखपत्र विचारतो.

ही घाई त्याला मुद्दाम शिकवण्यात आली होती. प्रोसेसरचा वेग वाढत गेला, त्या मानाने स्मृतीचा वाढला नाही. तिच्याकडून माहिती येईपर्यंत प्रोसेसरला ताटकळावे लागे. तेव्हा पुढे काय करावे लागेल याची अटकळ बांधून ते काम आधीच उरकून ठेवावे, अटकळ खरी ठरली तर वेळ वाचला, चुकली तर केलेले पुसून टाकावे, अशी युक्ती निघाली. तिचे मूळ आयबीएमच्या १९६० नंतरच्या मोठ्या यंत्रांपर्यंत जाते. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून ती टेबलावरच्या संगणकात रुळली. केलेले पुसले की त्याचा मागमूस राहत नाही, अशी साऱ्यांची समजूत होती. मागमूस राहत होता, आणि तो कसा, हे कचेरीत काम करणाऱ्यास चटकन उमजेल.

अभिलेख कक्षातला एक चपळ कारकून डोळ्यांपुढे आणावा. त्याच्याकडे एक इसम असा अर्ज देतो : ‘गोपनीय नोंदवहीतील अमुक ठिकाणचा अंक पाहावा आणि त्या क्रमांकाचे जुने राजपत्र कपाटातून काढावे.’ गोपनीय वही पाहण्याचा या इसमाला अधिकार आहे की नाही, हे साहेबांना विचारायला हवे. पण साहेब बैठकीत आहेत. कारकून वेळ वाचवण्यासाठी वही उघडतो, सातचा अंक पाहतो आणि सातव्या क्रमांकाचे राजपत्र टेबलावर आणून ठेवतो. इतक्यात साहेबांचा नकार येतो. वही बंद होते, अर्ज फेटाळला जातो, इसमाला एक अक्षरही सांगितले जात नाही. नियमाचा कोठेही भंग झालेला नाही! इसम मात्र शांतपणे दुसरा अर्ज करतो. शून्य ते नऊ ही दहाही राजपत्रे तो एकामागून एक मागतो. ती सार्वजनिक असल्याने त्याला नाही म्हणता येत नाही. नऊ राजपत्रे कपाटातून यायला वेळ लागतो, एक टेबलावरून हातोहात मिळते. त्याला गुप्त अंक कळला. हेच पुनःपुन्हा केले की अख्खी वही वाचून होते.

प्रोसेसरजवळचे हे ‘टेबल’ म्हणजे कॅश नावाची छोटी, जलद स्मृती. (रोकडीशी तिचा संबंध नाही, पण रोकड मोजणाऱ्या पेढ्यांनी तिची धास्ती घेतली ती उगीच नव्हे.) उशिरा होणाऱ्या तपासणीचा फायदा घेणाऱ्या हल्ल्याला ‘मेल्टडाउन’ हे नाव मिळाले. दुसरा, ‘स्पेक्टर’, अधिक कावेबाज आहे. तो कारकुनाला आधी सवय लावतो. शंभर वेळा रीतसर अर्ज करून ‘हा मनुष्य नेहमी योग्य तेच मागतो’ अशी त्याची खात्री पटवतो आणि एकशे एकाव्या वेळी भलतेच मागतो. पहिला मुख्यतः इंटेलच्या प्रोसेसरांना बाधला. दुसऱ्यातून इंटेल, एएमडी, आर्म यांपैकी कोणीच सुटले नाही.

आता गाभ्याच्या रक्षणाचे. पूर्वी प्रत्येक आज्ञावलीच्या नकाशातच गाभ्याच्या साऱ्या खोल्या दाखवलेल्या असत आणि त्यांवर ‘प्रवेश बंद’ असा शेरा असे. शेऱ्याचा उपयोग नाही असे दिसताच नकाशातून त्या खोल्याच काढून टाकण्यात आल्या. सामान्य काम चालू असताना गाभा नकाशावर नसतोच. ये-जा करण्यापुरती एक देवडी तेवढी उरते. ग्राझच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘कायझर’ या नावाने ही कल्पना वेगळ्याच कारणासाठी मांडली होती. तिचेच सुधारलेले रूप लिनक्सने स्वीकारले आणि विंडोज व मॅकच्या कर्त्यांनीही त्याच वाटेची उपाययोजना केली. स्पेक्टरसाठी गूगलमधील पॉल टर्नर यांनी ‘रेटपोलिन’ नावाची क्लृप्ती काढली : गाभ्यातील फसव्या वळणांवर प्रोसेसरची अटकळ एका निरुपद्रवी जागी गोल गोल फिरत ठेवायची. जोडीला प्रोसेसरच्या अंतर्गत आज्ञासंचाची, म्हणजे मायक्रोकोडची, डागडुजी. ही सगळी कामगिरी अव्वल दर्जाची होती. परंतु ती ठिगळे होती, आणि ठिगळे पुन्हा उसवली. रेटपोलिनला वळसा घालणारा ‘रेटब्लीड’ हा हल्ला झुरिचच्या ईटीएच संस्थेने जुलै २०२२ मध्ये जाहीर केला. त्यावरच्या उपायाने यंत्राचा वेग १४ ते ३९ टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असे मोजमापही त्याच संशोधकांनी दिले. २०२३ साली ‘डाउनफॉल’ आणि ‘इन्सेप्शन’ आले. ही मालिका संपलेली नाही.

खरा प्रश्न येथून सुरू होतो. वेगाचे श्रेय आणि त्या वेगाची किंमत विक्रेत्याने कधीच खिशात घातली होती. दुरुस्तीचा भार मात्र खरेदीदाराच्या माथी आला. साध्या लेखनकामात तो जाणवला नाही. पण क्षणोक्षणी गाभ्याकडे धाव घेणाऱ्या माहितीकोशांना आणि सर्व्हरांना तो चांगलाच जाणवला. त्यात घिसाडघाई अशी की जानेवारी २०१८ मधील मायक्रोकोडमुळे यंत्रे आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागली आणि २२ जानेवारीला खुद्द इंटेललाच ‘तूर्त हा उपाय करू नका’ असे सांगावे लागले. एप्रिलमध्ये तर तिने कित्येक जुन्या प्रोसेसर-कुळांना स्पेक्टरवरचा मायक्रोकोड देणार नाही, असे कळवून टाकले. त्यांत २००७-०८ च्या सुमाराची ‘कोअर टू’ कुळे होती. आपल्याकडे कोणत्या शाळेत, कोणत्या लहान कचेरीत या पिढीची यंत्रे तेव्हा चालू नव्हती? श्रीमंताने यंत्र बदलले. गरिबाला न बुजलेल्या फटीसह ते वापरत राहावे लागले. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नियमित मोफत दुरुस्त्याही थांबल्या, आणि विंडोज ११ इंटेलचे साधारणपणे २०१७ नंतरचेच प्रोसेसर मान्य करते.

कोणाला आधी कळवायचे, हेही कंपन्यांनीच ठरवले. प्रोसेसर-कर्त्यांना जून २०१७ पासून हा दोष ठाऊक होता. इंटेलने काही बड्या गिऱ्हाइकांना विश्वासात घेतले. अमेरिकेच्या सरकारी सायबर-सुरक्षा यंत्रणेला मात्र बातमी फुटल्यावरच कळवले, असे तिने स्वतः तेथील काँग्रेसला लिहून दिले. ओपनबीएसडीसारख्या लहान ऑपरेटिंग सिस्टीमचे कर्तेही अंधारात होते. जेथे वॉशिंग्टनची ही गत, तेथे मंत्रालयाची काय कथा!

यंत्र घेताना त्याच्या दुरुस्तीचा जाब आधीच विचारण्याची रीत या भूमीला अपरिचित नाही. विनोबा १९३२ च्या अखेरीस नालवाडीत राहायला आले आणि स्वतः कातलेल्या सुताच्या मजुरीवरच निर्वाह करून पाहण्याचा प्रयोग त्यांनी तेथे केला. सूतकताईची अर्थव्यवस्था त्यांनी तासांत आणि लडींत मोजली. त्याआधी, १९२९ साली, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी आजच्या खरेदी-अधिकाऱ्यांनी अवश्य वाचाव्यात. यंत्राने आठ तासांत किती सूत द्यावे हे त्यांत होतेच. पण किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, यंत्र वीस वर्षे टिकावे आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांपुढे जाऊ नये, हेही होते. किर्लोस्करवाडीचे यंत्रसुद्धा या अटींना उतरले नाही आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही. अटी सैल करून ते कोणाच्या पदरात टाकण्याचा मोह संघाला झाला नाही, हे विशेष. चरख्याच्या अर्थकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, खरेदीदार म्हणून संघ आजच्या सरकारांपेक्षा अधिक सावध होता.

या मार्गाने मोठी चोरी झाल्याचे उदाहरण उघडकीस आलेले नाही, मग एवढा गहजब कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. सामान्य संगणकाला बनावट दुव्यांपासून आणि सोप्या परवलीच्या शब्दांपासून असलेला धोका कितीतरी मोठा आहे. ज्या यंत्रावर एकाच संस्थेचे, एकाच विश्वासाचे काम चालते, उदाहरणार्थ हवामानाची गणिते करणारे बंदिस्त यंत्र, तेथे विचारपूर्वक काही संरक्षणे काढून वेग घेणे समर्थनीय ठरू शकते. लिनक्सने २०१९ पासून त्यासाठी एकच कळ ठेवलेली आहे. परंतु जेथे एकाच सर्व्हरवर अनेक खात्यांचे, अनेक बँकांचे काम शेजारी शेजारी चालते, तेथे ती कळ दाबणे हा बेजबाबदारपणा आहे. चोरी उघडकीस आली नाही, याचाही अर्थ मर्यादितच घ्यावा लागेल. असल्या वाचनाची नोंद सहसा कोणत्याही दप्तरात होत नाही.

स्वदेशी प्रोसेसर हे यावरचे उत्तर, असे उत्साहाने सांगितले जाते. मुंबईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला ‘अजित’ २०१९ मध्ये लोकांपुढे आला. मद्रासच्या आयआयटीचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ आहेतच. २०२२ मध्ये केंद्राने ‘डीआयआर-व्ही’ हा कार्यक्रमही जाहीर केला. हे प्रयत्न कौतुकास्पद आहेत. पण दोषाला राष्ट्रीयत्व नसते. साधा, एकामागून एक आज्ञा पाळणारा प्रोसेसर या हल्ल्यांतून बव्हंशी सुटतो. रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकाची त्या वेळची सर्व रूपे याच साधेपणामुळे बचावली. वेगाची शर्यत लागली की अटकळ आलीच, आणि अटकळीबरोबर फटही. शर्यतीत उतरण्यापूर्वीच गाभ्याच्या रक्षणाची परीक्षा आराखड्यात घातली, तरच आपला प्रोसेसर खऱ्या अर्थाने वेगळा म्हणता येईल.

तोवर सरकारच्या हाती एक साधे साधन आहे : निविदा. शाळा, ग्रामपंचायती आणि तहसील कचेऱ्यांसाठी हजारोंनी यंत्रे घेणाऱ्या गिऱ्हाइकाला अटी घालता येतात. वेगाचा दाखला सर्व संरक्षणे चालू ठेवून मोजलेला असावा. मायक्रोकोडच्या दुरुस्त्या किमान दहा वर्षे विनामूल्य मिळाव्यात. दोष कळल्यास तो ‘सर्ट-इन’ला बड्या गिऱ्हाइकांबरोबरच कळवला जावा, आणि दुरुस्ती नाकारली गेल्यास विक्रेत्याने यंत्र बदलून द्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, परदेशी तज्ज्ञ लागत नाही. निविदेच्या मसुद्यात चार कलमे लागतात, आणि पुढच्या खरेदीचा मसुदा कोणत्या ना कोणत्या टेबलावर आजही पडलेला असेलच.