गोरमाटी शिकायची ती कशासाठी?

चाळिशी उलटल्यावर मी आमच्या बंजारा समाजाची गोरमाटी बोलायला शिकतो आहे. हे ज्याला कळते तो विचारतो, "त्याचा उपयोग काय?" अहमदपुरात इंग्रजीच्या शिकवणीला जाणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. पण विचारणाऱ्यांत आपलीच माणसे आहेत आणि ती वाईट हेतूने विचारत नाहीत. तेव्हा उत्तर नीट दिले पाहिजे.

माझे वडील तांड्यात वाढले, मी गावात. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाले, गावात घर बांधले आणि त्या घरात आम्हा भावंडांशी मराठी बोलायचे ठरले. आई-वडील आपसात गोरमाटीच बोलत. आमच्याकडे वळले की भाषा बदले. त्यांच्या या निर्णयाला मी दोष देणार नाही. त्या काळी तांड्यातले पोर पाटी घेऊन पहिलीत बसले की त्याला गुरुजींचे बोलणे कळत नसे आणि त्याने तोंड उघडले की वर्ग हसे. ज्याने ते हसणे सोसले, तो बाप लेकरांच्या वाट्याला ते येऊ देत नाही. त्यामागे आणखी जुने भय होते. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणाऱ्या या समाजावर इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने 'गुन्हेगार जमात' असा शिक्का मारला. तो पुसला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. ज्या बोलीवरून माणूस ओळखू येतो ती बोली चारचौघांत गिळून टाकायची, ही सवय अशा समाजाला लागली तर नवल नाही.

पण भय गेले तरी सवय राहिली, आणि तिने काय नेले ते मला बहिणीच्या लग्नात कळले. आमच्यात सासरी निघालेली नवरी ढावलो गाते. आईच्या, बापाच्या, भावाच्या, मैत्रिणींच्या गळ्यात पडून प्रत्येकाला उद्देशून ती रडत रडत गाते. चाल ठरलेली, पण शब्द बरेचसे तिचे स्वतःचे. बापाने काय दिले, भावाने कुठे सांभाळले, आता माहेर कसे सुटते, सगळे त्यात येते. जन्मभर जे बोलता आले नाही ते मुलगी त्या वेळी बोलून घेते आणि ऐकणारे ते मान खाली घालून ऐकतात. तांड्यातल्या म्हाताऱ्या बायका माझ्या बहिणीभोवती जमल्या, त्यांनी सूर धरला आणि वाट पाहिली. बहिणीला एक ओळ येत नव्हती. ती पदवीधर आहे, सभेत बोलू शकते. त्या दिवशी ती नुसती रडली आणि तिच्या वतीने एका चुलत आजीने गायले. मी जवळच उभा होतो. आजी काय गाते आहे ते मलाही पुरते कळत नव्हते.

दुसरे कारण वडिलांचे आहे. ते आता नाहीत. त्यांचे लहानपण ज्यांनी पाहिले अशी थोडी माणसे तांड्यात उरली आहेत. त्यांना मी मराठीत विचारले की ती मराठीत उत्तर देतात, आणि गोष्ट दोन वाक्यांत आटपते : "लई हुशार होता. कष्टानं शिकला." तीच माणसे गोरमाटीत सुरू झाली की दुष्काळ येतो, विहिरीचे काम येते, होळीतल्या लेंगी गाण्यांची चढाओढ येते, तीजेच्या टोपलीतला गहू कुणाचा उंच वाढला यावरची भांडणे येतात. त्यात वडील कुठे तरी धावत असतात. तिथपर्यंत पोचायचे तर मला त्या भाषेतूनच जावे लागेल.

उपयोगच हवा असेल तर तोही आहे. दिवाळी झाली की आमच्या भागातल्या टोळ्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. तिकडच्या आपल्या माणसांशी बोलायला हीच भाषा कामी येते. महाराष्ट्रात गोरमाटी देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नडमध्ये. एकाचे लिहिलेले दुसऱ्याला वाचता येत नाही, पण बोलायला बसले की तिघांचे एकमेकांना कळते. इतक्या लांबवर पसरलेली भाषा घरात असताना ती आपण सोडून द्यावी, याचे मला वाईट वाटते.

मराठीशी माझे भांडण नाही. ती माझी आहे. हे लिहितो आहे तेही तिच्यातच. माणसाच्या तोंडात दोन-तीन भाषा नांदतात, हे निजामी राजवटीत वाढलेल्या मराठवाड्याला तरी नव्याने सांगायला नको. आमच्याच लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या नोकरीत आदिलाबादकडे गेले आणि तिथे गोंडी आणि कोलामी शिकले. गोंडीचे व्याकरणही त्यांनी लिहिले. ज्यांच्यावर अधिकार चालवायचा त्यांची भाषा मोठेपणी शिकणारा माणूस आमच्या मातीत होऊन गेला आहे. मग ज्यांच्या पोटी जन्मलो त्यांची भाषा शिकायला मला वय आडवे येऊ नये.

मोठेपणी आपल्या घरची भाषा शिकणे ब्रिटनमधल्या वेल्समध्ये रीतसर चालते. एकोणिसाव्या शतकात तिथल्या अनेक शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. त्या लाजेने कित्येक घरांतून भाषा उठली. आज त्याच घरांतली नातवंडे-पतवंडे प्रौढ वयात वर्गांना बसून ती परत शिकतात, आणि हे वर्ग सरकारी पैशाने चालतात. २०२१ च्या गणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार भरले. २०५० पर्यंत ते १० लाख व्हावेत असे तिथल्या सरकारने ठरवले आहे.

आता आपले पाहा. २०११ च्या जनगणनेत 'लमाणी किंवा लंबाडी' ही मातृभाषा सांगणारे ३२ लाखांहून अधिक होते आणि 'बंजारी' सांगणारे आणखी १५ लाखांहून अधिक. गोरमाटी या एकाच भाषेची दोन नावे दोन ओळींत गेली आणि शेवटी दोन्ही ओळी हिंदीच्या बेरजेत टाकल्या गेल्या. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांत गोरमाटी नाही. वेल्शच्या कित्येक पट बोलणारे असलेली भाषा सरकारी हिशेबात हिंदीची एक बोली ठरते. हे मला मान्य नाही. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने १९०७ मध्ये आपल्या भारतीय भाषा सर्वेक्षणात तिची स्वतंत्र दखल घेतली, १९७० मध्ये रोनाल्ड ट्रेल या अमेरिकन अभ्यासकाने तिचे व्याकरण छापले. परक्यांना ती व्याकरण लिहिण्याजोगी वाटली; आपल्या शाळेत तिला अजून बाक मिळालेला नाही.

शिकताना अडचण एकच येते आणि ती प्रेमाची आहे. मी अडखळलो की समोरची काकी लगेच मराठीवर येते. वेल्श शिकणारेही हेच गाऱ्हाणे सांगतात. समोरचा सौजन्याने इंग्रजीवर जातो. तांड्यातल्या वडीलधाऱ्यांना म्हणून माझी विनंती आहे : आम्ही चुकलो तर हसा, खुशाल हसा, पण भाषा बदलू नका. बाटी पुढे ठेवताना जे गोरमाटीत बोलता तेच आमच्याशी बोला.

आणि २०२७ ची जनगणना जवळ आली आहे. तिथे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी जी बोलली ती. ज्यांची आई गोरमाटीत बोलली त्यांनी प्रगणकाला हिंदी किंवा मराठी सांगू नये. भाषेचे स्वतःचे नाव सांगावे आणि तेच लिहिले गेले का ते पाहावे. माझी आई माझ्याशी मराठीत बोलली, त्यामुळे माझी मातृभाषा नियमाने मराठीच. पण २०११ च्या तक्त्यात येत असलेल्या इतर दोन भाषांसाठी जागा होती. तिथे गोरमाटी सांगायची तर ती आधी यायला हवी. माझ्यासारखी गावात वाढलेली तांड्यातली मुले-मुली अहमदपूर, शिरूर ताजबंद, लातूर, नांदेडमध्ये आहेत. त्यांनी आज संध्याकाळीच घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे आणि सुरुवात करावी.