तीच गाणी, पुन्हा पैसे

२०१५ साली बॉब डिलनच्या १९६५ आणि १९६६ मधल्या स्टुडिओतल्या कामाचा १८ सीडींचा संच बाजारात आला. प्रती फक्त ५,०००, किंमत ६०० डॉलरच्या घरात. त्यातली एक अख्खी सीडी ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ या एकाच गाण्याच्या प्रयत्नांना दिलेली आहे. रॉक संगीताशी ज्यांचा संबंध नाही त्यांना हे ऐकून हसू येतं आणि ज्यांचा आहे त्यांच्यातल्याही पुष्कळांना राग येतो. एकाच गाण्यावर कंपनीने पन्नास वर्षं पैसा केला, आता त्याचा चोथाही विकायला काढला, असा त्या रागाचा सूर असतो.

या रागात तथ्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

त्या सीडीवर नेमकं काय आहे ते आधी पाहू. १५ जून १९६५ रोजी हे गाणं वॉल्ट्झच्या तीन मात्रांच्या लयीत सुरू होतं आणि अडखळत राहतं. दुसऱ्या दिवशी लय बदलते. गिटार वाजवायला मिळेल या आशेने आलेला अल कूपर हा तरुण ऑर्गनपाशी जाऊन बसतो. ते त्याचं वाद्य नव्हे. चौथ्या प्रयत्नात सगळं जुळून येतं. त्यानंतरही ही मंडळी पुन्हा पुन्हा वाजवत राहतात आणि तसं पुन्हा जमत नाही. जगाने ऐकलेलं गाणं अटळ नव्हतं, ते थोडक्यात हुकलंही असतं, हे डिलनच्या कोणत्याही चरित्रापेक्षा या एका सीडीवरून अधिक स्पष्ट कळतं. याला चोथा म्हणणं अन्यायाचं आहे.

महागड्या पुनर्प्रकाशनांवरचा पहिला आक्षेप सोपा वाटतो: सगळं संगीत मोबाइलवर महिन्याच्या वर्गणीत मिळत असताना तेच पुन्हा विकत का घ्यायचं? पण ‘तेच’ म्हणजे कोणतं? १९७३ चा ‘रॉ पॉवर’ हा इगी अँड द स्टूजेसचा अल्बम डेव्हिड बोवीने मिक्स केला होता. १९९७ मध्ये खुद्द इगी पॉपने त्याचं नवं मिक्स केलं, इतक्या चढ्या पातळीवर की आवाज ठिकठिकाणी फाटतो. पुढे कित्येक वर्षं दुकानात हेच मिक्स मिळत होतं; बोवीचं मिक्स २०१० च्या आवृत्तीत परतलं. ऑझी ऑस्बॉर्नच्या बाबतीत तर कहर झाला. त्याच्या पहिल्या दोन एकल अल्बमवर बास वाजवणारा बॉब डेझली आणि ड्रम वाजवणारा ली करस्लेक यांच्याशी मानधनावरून कोर्टकज्जे चालले होते. २००२ च्या आवृत्तीत या दोघांचं वादन पुसून त्या जागी दुसऱ्या दोन वादकांकडून नव्याने वाजवून घेतलं गेलं. मूळ वादन परत यायला २०११ साल उजाडलं. मधल्या काळात ज्याने हे अल्बम नव्याने विकत घेतले, त्याने १९८० च्या आसपासचं संगीत समजून प्रत्यक्षात भलतंच ऐकलं.

स्ट्रीमिंगवर गाण्याच्या नावापुढे फार तर ‘रीमास्टर’ आणि एक साल लिहिलेलं असतं. कोणत्या टेपवरून घेतलं, कुणी घेतलं, काय बदललं, याची नोंद नसते. शिवाय उद्या ते बदलून दुसरं ठेवलं तर वर्गणीदाराला पत्ताही लागत नाही. ज्याच्या कपाटात जुनी तबकडी होती त्याच्यापाशी पुरावा होता. संग्राहकाच्या बाजूने बोलायचं तर सुरुवात इथून करावी लागते.

दुसरा आक्षेप हेतूचा. कंपन्यांना संगीताचं प्रेम नाही, त्यांना हक्क टिकवायचे आहेत आणि जुन्या मालावर नवा नफा हवा आहे. हे खरं आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. २०११ मध्ये युरोपीय संघाने ध्वनिमुद्रणांच्या हक्कांची मुदत ५० वर्षांवरून ७० वर्षांवर नेली. पण ज्या मुद्रणांचं पन्नास वर्षांत प्रकाशनच झालं नाही त्यांना हा लाभ नव्हता. म्हणून २०१२ च्या अखेरीस डिलनच्या १९६२ मधल्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा एक संच युरोपात जेमतेम १०० प्रतींत काढण्यात आला, आणि त्याच्या नावातच ‘हक्क-मुदतवाढीचा संग्रह’ असं छापलेलं होतं. हे ऐकणाऱ्यांसाठी केलेलं प्रकाशन नव्हतं. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’चा २०११ चा मोठा संच उघडला तर त्यात गोट्या निघतात, गळ्यात घालायचा स्कार्फ निघतो, पेल्याखाली ठेवायच्या चकत्या निघतात. या वस्तूंचे पैसे वेगळे कुणी मोजले नसते, म्हणून त्या संगीताबरोबर बांधल्या.

पण हेतू वाईट म्हणून हाती आलेली वस्तू निरुपयोगी ठरत नाही. फ्लॉइडच्या त्याच मालिकेत ‘विश यू वेअर हिअर’ची नवी आवृत्ती निघाली. त्यातल्या शीर्षकगीताच्या एका रूपात जाझ व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली वाजवतो. तो १९७५ मध्ये यहुदी मेन्युहिनबरोबर, फ्लॉइडचं काम चाललं होतं त्याच ॲबी रोड स्टुडिओच्या इमारतीत ध्वनिमुद्रण करत होता, तिथून त्याला बोलावून घेतलं होतं. ती टेप पुसली गेली असावी असं खुद्द बँडमधल्यांना वाटत होतं. गोट्यांसाठी पैसे मागणाऱ्या कंपनीनेच हे वादन शोधून लोकांपुढे आणलं. या दोन गोष्टी एकाच मालिकेत आल्या तरी एकाच मापाने मोजू नयेत.

आता संग्राहकांकडेही वळायला हवं, कारण महागड्या तबकड्यांचा सर्वांत दुबळा बचाव त्यांनीच केला आहे. त्यांचं म्हणणं असं की शुद्ध ॲनालॉग मार्गाने, म्हणजे मूळ टेपवरून थेट लॅकरच्या चकतीवर खाचा कापून बनवलेली, १८० किंवा २०० ग्रॅमची जड तबकडीच काय ती खरी. मध्ये कुठेही डिजिटल टप्पा आला की संगीताचा प्राण जातो. कॅलिफोर्नियातल्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीची प्रतिष्ठा याच श्रद्धेवर उभी होती. तिची ‘वन-स्टेप’ नावाची महागडी मालिका होती. नेहमीच्या रीतीत लॅकरवरून धातूच्या एकामागून एक प्रती काढत अखेर दाबयंत्रावर बसणारा स्टँपर तयार होतो. ‘वन-स्टेप’मध्ये मधले दोन टप्पे गाळतात. त्यामुळे नक्कल मुळाच्या अधिक जवळ राहते, पण एका लॅकरमधून निघणाऱ्या प्रती फार कमी होतात. २०१६ मध्ये या मालिकेत सांतानाचा ‘अब्राक्सस’ २,५०० प्रतींत आला आणि पुढे मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी हातोहात फिरला.

मग कंपनीने मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या ४०,००० प्रती याच रीतीने काढायचं जाहीर केलं. ज्यांना ही प्रक्रिया माहीत होती त्यांना हिशेब जुळेना. इतक्या प्रतींसाठी मूळ टेप डझनावारी वेळा वाजवावी लागली असती, आणि इतक्या मोलाची टेप असं करायला कोणतीही कंपनी देणार नाही. जुलै २०२२ मध्ये फिनिक्समधल्या एका रेकॉर्ड-दुकानदाराने हा प्रश्न व्हिडिओतून उघडपणे विचारला. कंपनीच्या अभियंत्यांनी त्याला आपल्या स्टुडिओत बोलावून कबुली दिली: २०११ पासून अनेक तबकड्या मूळ टेपच्या उच्च दर्जाच्या डिजिटल प्रतीवरून कापल्या जात होत्या. ग्राहकांनी दावे लावले आणि प्रकरण सुमारे अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं.

ग्राहकांची फसवणूक झाली, कारण त्यांना सत्य सांगितलं गेलं नव्हतं. तो संताप रास्तच होता. पण या प्रकरणाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली आणि ती संग्राहकांनी मोकळेपणाने मान्य करायला हवी. दहा वर्षं जगभरचे तरबेज कान या तबकड्यांची वाखाणणी करत होते, काहींना तर त्या अल्बमचं आजवरचं सर्वोत्तम रूप म्हणत होते, आणि मधला डिजिटल टप्पा त्यांच्या कानांना टोचला नाही. म्हणजे त्या तबकड्या चांगल्या होत्या. टेप चांगली निवडली होती, ती जपून वाजवली होती, कापणाऱ्याचा हात कसलेला होता. ॲनालॉग-डिजिटलचं सोवळंओवळं त्यात कुठेच कामाला आलं नव्हतं. विनाइलचं वजन आणि प्रतींचा तुटवडा यांच्या जोरावर मागितलेले पैसे देऊ नयेत. दर्जा त्या दोहोंमुळे येत नाही.

मग कशासाठी द्यावेत? त्याचं उत्तर मूळ टेपमध्ये आहे.

टेप ही नाशवंत वस्तू आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून वापरात आलेल्या काही टेपांवर चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ हवेतला ओलावा शोषतो, टेप चिकट होते आणि वाजवताना तिचा थर सोलून निघतो. अशी टेप पन्नासेक अंश सेल्सिअसच्या उबेत काही तास ठेवावी लागते. मग ती थोडा काळ वाजते आणि तेवढ्यात तिची प्रत करून घ्यावी लागते. आगीची भीती निराळीच. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधल्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि तिथे साठवलेल्या मास्टर टेप जळाल्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१९ मध्ये या नुकसानीचा तपशील छापला, आकडे फुगवलेले आहेत असं कंपनीने म्हटलं, पण टेप जळाल्याचं कुणी नाकारलं नाही. अकरा वर्षं लोकांना त्याचा अंदाजही नव्हता. टेपा शोधणं, त्यांवरची लेबलं तपासणं, त्या शेकून वाजवणं आणि त्यांची नोंद ठेवणं या कामाला पैसा लागतो. मोठ्या संचाची बाजारात आशा असते म्हणून तो मंजूर होतो. एरवी कोणत्याही कंपनीचा हिशेबनीस त्यावर सही करणार नाही.

आणि त्या टेपांत अडकलेलं पुष्कळ काही आता सोडवता येतं. साठच्या दशकात बीटल्स चार ट्रॅकच्या यंत्रावर काम करत. चारही भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपच्या एका ट्रॅकवर उतरवायचे आणि जागा मोकळी करून पुढचे आवाज चढवायचे. दर वेळी खरखर वाढायची आणि मागचं कायमचं गोठायचं. ‘सार्जंट पेपर’च्या २०१७ च्या आवृत्तीसाठी निर्माता जाइल्स मार्टिनने त्या आधीच्या, पहिल्या पिढीच्या टेपांपर्यंत मागे जाऊन नवं स्टिरिओ मिक्स केलं. १९६७ मध्ये बीटल्सनी जीव ओतला होता तो मोनो मिक्सवर. स्टिरिओ मिक्स त्यांच्या गैरहजेरीत उरकलेलं होतं. ‘रिव्हॉल्व्हर’च्या बाबतीत मात्र मागे जायला वाटच नव्हती, कारण ‘टॅक्समन’सारख्या गाण्यात गिटार, बास आणि ड्रम मुळातच एका ट्रॅकवर होते. दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने बीटल्सवरच्या माहितीपटासाठी तयार केलेल्या संगणकीय तंत्राने ते एकमेकांपासून वेगळे करता आले, तेव्हा कुठे २०२२ ची आवृत्ती निघाली. दोन्ही मोठ्या संचांत मूळ मोनो मिक्सही आहे. ऐकणाऱ्याला दोन्ही ताडून पाहता येतात.

भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करताना हजाराहून अधिक हस्तलिखितं ताडली, तेव्हा कथा तर सगळ्यांना ठाऊकच आहे असा आक्षेप कुणी शहाण्या माणसाने घेतला नाही. चांगलं पुनर्प्रकाशन त्याच जातीचं काम आहे: पाठ ताडणं, प्रक्षेप ओळखणं, मूळ जपून ठेवणं.

ते अवाच्या सवा किमतीशिवायही होऊ शकतं, याचा दाखला जेथ्रो टल या बँडने दिला. त्यांचा १९७१ चा ‘ॲक्वालंग’ गढूळ आवाजासाठी बदनाम होता; लंडनमधल्या नव्याकोऱ्या स्टुडिओत काढलेले दिवस बँडचा म्होरक्या इयान अँडरसन याला फारसे आवडले नव्हते. २०११ मध्ये संगीतकार स्टीव्हन विल्सनने मल्टिट्रॅक टेपांवरून तो पुन्हा मिक्स केला आणि दाट चिखलाखाली दबलेली वाद्यं वर आली. पुढे या बँडचे अल्बम पुस्तकाच्या आकारात निघू लागले: आत लांबलचक टिपणं, सोबत डीव्हीडी, आणि ‘थिक ॲज अ ब्रिक’सारख्या आवृत्तीत मूळ मिक्स कोणतीही ढवळाढवळ न करता. किंमत एखाद्या जाडजूड पुस्तकाएवढी. गोट्या नाहीत, कृत्रिम तुटवडा नाही.

संग्राहकाने आग्रह धरायचा तो याचा. टेप कोणती आणि टप्पे कोणते हे वेष्टनावर छापा. नवं मिक्स द्या, पण जुनं काढून घेऊ नका. अप्रकाशित संगीत फक्त महागड्या खोक्यात कोंडू नका. डिलनच्या त्या सत्रांची सहा सीडींची स्वस्त आवृत्तीही निघाली होती आणि ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ची सीडी तीतही होती. तेवढं दिलं तर १८ सीडी हव्या असणाऱ्याने ६०० डॉलर मोजण्यात कुणाचं काहीच बिघडत नाही. उलट त्याच्या पैशावर बाकीच्यांचं काम होतं.

यात मुंबईचाही एक हिस्सा आहे. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आला होता. आशिष खान सरोदवर, शिवकुमार शर्मा संतूरवर, महापुरुष मिश्र तबल्यावर, विनायक व्होरा तारशहनाईवर, एस. आर. केंकरे बासरीवर. त्याच सत्रांत ‘द इनर लाइट’चं वादनही मुद्रित झालं, हॅरिसनचा आवाज फेब्रुवारीत लंडनमध्ये चढला आणि मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला प्रसिद्ध झालं. सिंगलच्या लेबलवर वादकांची नावं नव्हती. चार दशकांहून अधिक काळ हे वादन गायनाच्या खालीच ऐकू येत राहिलं. त्याचं एक गायनविरहित रूप ‘वंडरवॉल म्युझिक’च्या २०१४ च्या आवृत्तीत आलं, दुसरं ‘व्हाइट अल्बम’च्या २०१८ च्या मोठ्या संचात. त्या दिवसांतलं आणखी जे काही टेपवर उरलं असेल, ते वादकांच्या नावांसकट आणि टेपांच्या नोंदीसकट पूर्ण बाहेर यावं, अशी मागणी सर्वांत आधी मुंबईतून व्हायला हवी. आणि तो संच महाग निघाला, तरी निदान इथल्या श्रोत्यांनी तरी त्याला चोथा म्हणू नये.